दोन हातांचा फोन

सुरुवातीलाच एक खुलासा करून टाकते. हा लेख मी फोनच्या काचेवर, हाताने, मराठीत लिहिला आहे. पंधरा पानं झाली. (फोनची पानं, फुलस्केप नव्हे!) ती घेऊन मराठी विभागाच्या संपादकांकडे गेले तर ते म्हणाले, "अक्षर बरं आहे, पण हे छापू कसं? टाइप करून दे." मग मैत्रिणीला दोन वडापाव कबूल केले आणि तिच्याकडून टाइप करून घेतला. शाळा पहिलीपासून कॉन्व्हेंटची, त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका सापडल्या तर त्या माझ्या आणि नाही सापडल्या तर वडापावचा परिणाम समजावा. ह. घ्या.

तर विषय आहे मोठ्या स्क्रीनचा आणि पोटात पेन असलेला फोन. तुम्ही म्हणाल, मासिकात लिहायला हा काय विषय झाला? एखादा फोन आवडला तर घ्यावा, नाही आवडला तर ओएलएक्सवर टाकावा. पण माझं म्हणणं असं आहे की या पेनाला आपण सगळ्यांनी 'फालतू फीचर' म्हणून निकालात काढलंय, आणि ते चुकीच्या मापाने मोजून. आपण विचारतो, याने काम लवकर होतं का? नाही होत. उलट उशीर होतो. आणि त्या उशिरातच त्याची खरी किंमत आहे, हे कळायला मला तीन महिने आणि एक आजी लागली.

गेल्या दिवाळीला मस्कतचा मामा आला होता. त्याने नवा फोन घेतला होता आणि जुना माझ्या हातात ठेवला. "घे, तू इंजिनिअर होणार, तुला उपयोग होईल." कुठल्या ब्रँडचा ते सांगत नाही, त्यांनी आपल्या मासिकाला जाहिरात दिलेली नाही. स्क्रीन ६.८ इंच, वजन दोनशे तीस ग्रॅमच्या आसपास, म्हणजे कव्हर घातलं की जवळपास पाव किलो! आई बघताक्षणी म्हणाली, "ही काय पाटी आणलीस?" तेव्हापासून आमच्या घरात त्या फोनला पाटी असंच म्हणतात. "तुझी पाटी वाजतेय बघ."

पहिला महिना मी त्या पाटीला मनापासून शिव्या घातल्या. मी डोंबिवलीहून लोकलने येते. सकाळच्या लेडीज डब्यात ज्यांनी कधी प्रवास केलाय त्यांना वेगळं सांगायला नको, तिथे आपल्या वाट्याला एकच हात येतो. दुसरा कडीला, किंवा कडीला लटकलेल्या कुणाच्या तरी पर्सला. आधीचा लहान फोन मी त्या एका हातात धरून, त्याच हाताच्या अंगठ्याने सगळं जग चालवायचे. या फोनवर माझा अंगठा अर्ध्या वाटेवर थांबतो. वरच्या कोपऱ्यातलं बटण म्हणजे पलीकडचा प्लॅटफॉर्म. दिसतंय, पण पूल चढून गेल्याशिवाय पोचता येत नाही. यावर फोनवाल्यांनी एक उपाय दिलाय. एका हाताचा मोड! तो सुरू केला की सगळा स्क्रीन आकसून एका कोपऱ्यात येतो. म्हणजे चार खोल्यांचं घर घ्यायचं आणि सगळ्यांनी स्वयंपाकघरात झोपायचं. मुलींच्या जीन्सच्या खिशांबद्दल तर बोलायलाच नको, त्या फसवणुकीवर वेगळा लेख होईल. आणि रात्री आडवं पडून वाचताना तो पाव किलो दोनदा नाकावर पडला. दुसऱ्या वेळी आई धावत आली.

पेनाचं म्हणाल तर पहिला महिनाभर मी ते फक्त टिकटिक करायला वापरलं. परीक्षेच्या आधी बॉलपेनची करतो तशी. एकदा ते तासभर हरवलं आणि शेवटी माझ्याच पाऊचमध्ये इतर पेनांत मिळालं. सबमिशनच्या आदल्या रात्री, दोन वाजता, याच्या उलटही झालं. जर्नल लिहिता लिहिता मी साधं निळं बॉलपेन घेतलं आणि फोनच्या काचेवर सर्रकन रेघ ओढली. स्क्रीनगार्डवर ती अजून आहे. प्रत्येक व्हिडिओत नायकाच्या मानेवरून जाते.

आता थोडा आपला, म्हणजे इंजिनिअरिंगचा भाग. कंटाळा येत असेल तर हा परिच्छेद सोडून द्या, पण मला स्वतःला हे कळल्यावर सॉलिड मजा आली होती. या पेनात लिहिण्यासाठी बॅटरीच लागत नाही. स्टेशनबाहेर रबरी बोंडाचं जे पेन मिळतं ते काय करतं, तर बोटाची नक्कल. काचेला वाटतं, बोटच लागलं. हे पेन तसं नाही. डिस्प्लेच्या मागे तारांच्या वेटोळ्यांची एक पातळ जाळी असते. ती क्षणभर चुंबकीय क्षेत्र सोडते आणि क्षणभर गप्प राहून ऐकते. पेनात एक कॉइल आणि एक कपॅसिटर, म्हणजे आपलं साधं एलसी सर्किट. जाळीची फ्रिक्वेन्सी त्याच्या रेझोनन्सशी जुळलेली असल्यामुळे पेन त्या क्षेत्रातूनच ऊर्जा घेतं आणि झंकारल्यासारखं परत पाठवतं. कुठल्या वेटोळ्यात तो आवाज मोठा आला, यावरून पेन कुठे आहे ते कळतं. टोक दाबलं की सर्किटमधली किंमत किंचित बदलते, रेझोनन्सची फ्रिक्वेन्सी सरकते आणि त्यावरून दाब किती ते कळतं. असे ४०९६ दाब हा फोन ओळखतो. हे तंत्र जपानच्या वॅकॉम कंपनीने नावारूपाला आणलं. आणि बोटासाठीची व्यवस्था पूर्ण वेगळी असल्याने, पेन जवळ आलं की फोन तळहाताकडे दुर्लक्ष करतो. म्हणून तर काचेवर हात टेकून वहीसारखं लिहिता येतं. सेकंड इयरला रेझोनन्सच्या प्रॅक्टिकलचा ग्राफ मी शेजारणीच्या जर्नलमधून जसाच्या तसा उतरवला होता. तिची रीडिंग चुकली होती, म्हणजे माझीही. दोन वर्षं जे सर्किट फक्त मार्कांपुरतं होतं ते हातात धरून मी टिकटिक करत बसले होते, याची थोडी लाज वाटली.

पेनाला हसणं हे काही आपल्या पिढीचं नाही. १९९३ मध्ये अॅपलने न्यूटन नावाचं यंत्र आणलं, त्यावर पेनाने लिहायचं आणि ते वाचायचं. पण ते इतकं काहीबाही वाचायचं की अमेरिकेतल्या टीव्हीवरच्या कार्टूनमध्येसुद्धा त्याची टर उडवली गेली. १९९६ मध्ये पामचा पायलट आला. त्याने वेगळी शक्कल काढली. यंत्राला तुमचं अक्षर कळत नाही ना, मग तुम्हीच अक्षर बदला! इंग्रजी 'ए' काढायचा तर मधली आडवी रेघ द्यायची नाही, असे नियम. लोकांनी ते शिकूनही घेतले. आपल्याकडे बंगळुरूत भारतीय विज्ञान संस्थेतले प्राध्यापक आणि काही इंजिनिअर यांनी मिळून सिंप्युटर केला होता. स्वस्त, भारतीय भाषांसाठी, आणि स्टायलसने वापरायचा. २००४ मध्ये तो बाजारात आला, पण फार चालला नाही. आमच्या सिलॅबसमध्ये त्याचा एका ओळीचाही उल्लेख नाही, हे मात्र खटकतं.

मग जानेवारी २००७. स्टीव्ह जॉब्जने स्टेजवर पहिला आयफोन दाखवला आणि स्टायलस कुणाला हवाय, असं विचारून हशा मिळवला. त्याचा मुद्दा खोटा नव्हता. तेव्हा पेनाशिवाय काही फोनचं पानच हलत नसे, मेनूचं बटण दाबायलाही पेन उपसा, आणि ते हरवलं की संपलं. बोट त्याहून सोयीचं, यात वाद नाही. पण आपण त्यातून काढलेला अर्थ असा की पेन म्हणजे मागासलेपणा. २०११ मध्ये सॅमसंगने ५.३ इंचांचा गॅलेक्सी नोट आणला, तेव्हा त्या वर्षीच्या आयफोनचा स्क्रीन ३.५ इंच होता. एवढा मोठा फोन कानाला लावलेला माणूस किती वेडा दिसतो यावर लोक पोट धरून हसले. फोन आणि टॅब्लेट यांचं मिळून 'फॅब्लेट' असं एक भयंकर नाव पडलं. आज आपल्या वर्गात साडेसहा इंचांखालचा फोन शोधून दाखवा! म्हणजे मोठ्या स्क्रीनशी सगळ्या जगाने जुळवून घेतलं. खुद्द अॅपलनेही २०१५ मध्ये आयपॅडसाठी पेन्सिल काढली. फोनमधलं पेन मात्र अजून मोजक्याच मॉडेलांत अंग चोरून उभं आहे. २०२० नंतर नोट हे नावसुद्धा राहिलं नाही, पेन दुसऱ्या मॉडेलच्या पोटात गेलं.

इतिहास पुरे. आता आजी.

माझी आजी राजापूरजवळच्या गावात काका-काकूंकडे असते. वय ऐंशीच्या पुढे, डोळे मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून एकदम फर्स्ट क्लास, पण कान गेले. कानाचं मशीन आहे. ते फोन जवळ आणला की शिटी मारतं, म्हणून ती ते काढून डबीत ठेवते आणि मग "हॅलो, हॅलो" करत बसते. दर रविवारी आमचा फोन असा व्हायचा :

"आजी, कशी आहेस?"

"होय, जेवले."

"तब्येत कशी आहे?"

"पाऊस? नाही गो अजून."

मग काकू फोन घेऊन "बऱ्या आहेत हो" म्हणायची आणि संपलं. चार वर्षं आमचं बोलणं एवढंच. लहानपणी मे महिन्यात तिच्या शेजारी झोपून मी जिच्याकडून रात्र रात्र गोष्टी ऐकल्या, तिच्याशी रविवारी चाळीस सेकंद.

व्हॉट्सअॅपवर लिही ना मग, असं वाटेल. लिहिलं. मी मराठी लिहिते ती आपण सगळे लिहितो तशी, इंग्रजी अक्षरांत. 'काशी आहेस' की 'कशी आहेस' ते वाचणाऱ्याने समजून घ्यायचं. आजीला इंग्रजी अक्षरं येत नाहीत. मग की-बोर्ड मराठी केला. इंग्रजीत टाइप केलं की तो मराठी करतो, पण कुठलं मराठी करेल ते त्याच्या मर्जीवर. मराठी अक्षरांचा की-बोर्ड लावला तर 'ज्ञ' कुठे लपलाय ते शोधेपर्यंत कल्याण यायचं. बोलून टाइप करता येतं, पण भरलेल्या लोकलमध्ये "आजी, तुझे गुडघे कसे आहेत?" असं फोनवर ओरडून बघा एकदा. आजूबाजूच्या चार बायका आपापल्या गुडघ्यांविषयी सांगायला लागतात.

एका रविवारी असाच फोन झाला आणि ठेवताना आजी म्हणाली, "बाय, तुझा आवाज लांबून येतो हल्ली." काय बोलावं सुचेना. रात्री मी पेन उपसलं. पहिल्यांदाच खरं लिहायला. बंद स्क्रीनवर पेन काढलं की काळी पाटी उघडते, तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलं : 'आजी मि बरी आहे. परिक्षा संपली. भात खाल्ला.' आणि ते चित्र तसंच्या तसं काकांच्या फोनवर पाठवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी चुलतभावाने एक फोटो पाठवला. कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदावर आजीचं उत्तर. आधी माझ्या तीन वाक्यांतल्या चुका. 'मी' दीर्घ. 'परीक्षा' दीर्घ. आणि मग : 'तुझा भ मेलेला आहे. डोक्यावर खिडकी ठेव. मात खाल्लास असे वाचले व काळजी वाटली.'

मला आधी कळेचना. मग वर्गातल्या मराठी मिडियमच्या एका मुलाला विचारलं. भ, ध, थ या अक्षरांवरची रेघ सलग ओढायची नसते, डाव्या बाजूला तोडायची असते. सलग ओढली की 'भ'चा 'म' होतो आणि 'ध'चा 'घ'. हे मला वयाच्या विसाव्या वर्षी कळलं! शाळेत मराठी होतं की. आठवड्याला चार तास, आणि पासिंगपुरतं. छापलेलं वाचताना हे सगळं डोळ्यांना दिसत होतं, पण हाताला कुणी सांगितलंच नव्हतं. आणि टाइप करणाऱ्याला तर ते कधीच कळणार नाही, कारण की-बोर्डवर 'भ' दाबला की 'भ'च येतो, खिडकीसकट.

इथे या फोनबद्दलची माझी एक तक्रार सांगते. कंपन्यांनी या पेनाची जाहिरात केली ती काय, तर तुम्ही लिहा, आम्ही त्याचं टाइप केलेल्या अक्षरांत रूपांतर करतो. पेन हलवून लांबून फोटो काढा. प्रेझेंटेशनची स्लाइड बदला. म्हणजे लिहिणं सोडून बाकी सगळं! मी ते रूपांतर करून पाहिलं. 'भाऊ घरी आला' लिहिलं तर फोनने 'माऊ धरी आला' केलं. यात मी फोनला फार दोष देणार नाही, आजीनेही तसंच वाचलं असतं. पण रूपांतर बरोबर झालं असतं तर जास्त वाईट झालं असतं, असं आता वाटतं. मग आजीला स्वच्छ छापील वाक्य गेलं असतं, तिने वाचून डोकं हलवलं असतं, आणि माझा 'भ' मेलेलाच राहिला असता. तिला चुका दिसल्या म्हणून तर तिने उत्तर लिहिलं.

तेव्हापासून रोज एक पान जातं. तिकडून दोन-तीन दिवसांनी एक येतं, भावाची क्रिकेटची प्रॅक्टिस नसेल त्या दिवशी, कारण फोटो तोच काढतो. (तो दर फोटोमागे माझ्याकडून मोबाइलचा रिचार्ज वसूल करायला बघतो, ते वेगळं.) मला 'आणि' ऱ्हस्व असतं हे कळलं. 'शाळे मध्ये' असं इंग्रजीसारखं तोडून लिहायचं नसतं, 'शाळेमध्ये' जोडायचं असतं, हे कळलं. याशिवाय तिच्याबद्दल असं बरंच कळलं जे चाळीस सेकंदांत कधी मावलं नसतं. आमच्या वाडीतल्या निम्म्या घरांतले पुरुष तेव्हा मुंबईला गिरणीत. त्यांच्या मनीऑर्डरी आल्या की कूपनवरच्या दोन ओळी वाचून घ्यायला बायका आजीकडे यायच्या, आणि उत्तराची कार्डंही तीच लिहायची. कोण काय सांगायचं, कोण सांगता सांगता रडायचं, आणि त्यातलं आजी काय लिहायची नाही, हे सगळं ती आता थोडं थोडं लिहिते. 'एकीने सांगितले लिही म्हातारी मेली. मी लिहिले आई आजारी आहेत लवकर या.' एवढंच एका फोटोत होतं. पुढचं यायला चार दिवस लागले. त्या चार दिवसांत मी लोकलमध्ये दुसरं काही बघितलं नाही, फक्त मेसेज आला का ते बघत होते.

माझी वडापाववाली मैत्रीण म्हणते, "अगं, मग कागदावर लिही आणि फोटो काढून पाठव की! आजी तेच करतात. त्यासाठी लाखाचा फोन कशाला?" हा मुद्दा बिनतोड आहे, त्याला खोडून काढायला माझ्याकडे काही नाही. नवा बाजारात आला तेव्हा हा फोन लाखाच्या वर होता, आणि मी स्वतः तो कधीच घेतला नसता. तुम्हीही आजीशी बोलायला म्हणून बाबांकडे लाख रुपये मागू नका, ते वेगळंच काहीतरी ऐकवतील. पण मी तिला एवढंच म्हटलं की कागद चार वर्षं माझ्या टेबलावर होता. पेनंही डझनभर होती. एकदाही सुचलं नाही. मी राहते फोनमध्ये, हे लाजिरवाणं असलं तरी खरं आहे. आणि पेन जेव्हा तिथे, मी आधीच जिथे होते तिथे, येऊन टिकटिक करायला लागलं तेव्हा मी लिहिलं. टेबलावरच्या कागदावर लिहायला ज्याला फोनची गरज पडत नाही तो माझ्यापेक्षा शहाणा. त्याने हा लेख इथेच सोडला तरी चालेल.

दुसरी गोष्ट हातांची. बोटाने टाइप करताना मी चालत असते, जिना चढत असते, कुणाशी तरी बोलत असते. पेनाने लिहायला मात्र दोन हात लागतात. एकात पाटी, एकात पेन. म्हणजे लोकलमध्ये उभ्याने जमत नाही, बसायला जागा हवी. चौथी सीटसुद्धा चालत नाही, कोपर हलत नाही. मग मी घरी येऊन, हातपाय धुऊन, पलंगावर बसून लिहिते. ज्याला मी महिनाभर फोनचा दोष म्हणत होते तोच हा. एका हाताने होत नाही म्हणून मी दोन्ही हात रिकामे करायला लागले. फोनला जमवून घ्यायचं म्हणजे अंगठा लांब करायचा, असं मी समजत होते. अंगठा तेवढाच राहिला.

कॉलेजमध्येही पेन वापरून पाहिलं, त्याची कथा छोटी आहे. एका लेक्चरला मी फोनवर ब्लॉक डायग्राम काढत होते. सरांनी पाहिलं, फोन टेबलावर जमा. मागायला गेले तेव्हा त्यांनी स्क्रीन बघितला, डायग्राम त्यांचीच होती. म्हणाले, "मग वहीत का नाही काढलीस?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मागच्या बाकावर किती जण रील्स बघतात हे सरांनाही माहीत आहे आणि मलाही, तेव्हा माझ्यासाठी नियम बदला असं म्हणायला तोंड नाही. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या दोन संशोधकांचा एक अभ्यास गाजला होता. लॅपटॉपवर टाइप करणारी मुलं सरांचं बोलणं शब्दशः उतरवतात, आणि हाताने लिहिणाऱ्यांना तेवढा वेग नसल्याने ती डोकं वापरून निवडतात, असा त्याचा रोख होता. पुढे इतरांनी तो प्रयोग पुन्हा केला तेव्हा निकाल तेवढा ठाम आला नाही. त्यामुळे त्याचा आधार घेऊन मी सरांशी भांडणार नाही. समीकरणं आणि सर्किट टाइप करण्यापेक्षा हाताने काढणं हजार पटीने बरं, हे मात्र अनुभवाने सांगते. मग ती वही असो की काच. पीडीएफवर थेट खुणा करता येतात हा फोनचा फायदा. आणि स्नॅपचॅटची नोटिफिकेशन बरोबर फूरियरच्या डोक्यावर येऊन बसते, हा तोटा.

यंदा मे महिन्यात गावी गेले. आजीला पाटी दाखवली. तिने आधी पेन कानाजवळ नेऊन टिकटिक केलं, ऐकू आलं नाही म्हणून पुन्हा केलं. मग मांडी घातली, फोन मांडीवर ठेवला, आणि लिहायच्या आधी काचेवर डावीकडून उजवीकडे एक लांब सरळ रेघ ओढली. मी म्हटलं, आजी, रेघ नंतर द्यायची ना? मशीन घातलं होतं, ऐकू आलं. म्हणाली, तिचे वडील मोडी लिहायचे. मोडीत आधी पानभर रेघ मारायची आणि मग अक्षरं तिला टांगायची, हात न उचलता. तिला मोडी येत नाही, पण रेघेची सवय त्यांच्याकडून लागली.

मग तिने त्या रेघेखाली लिहायला घेतलं. एवढीएवढीशी, मुंगीसारखी अक्षरं, अगदी वरच्या कडेला चिकटून. पाऊण स्क्रीन खाली मोकळा. मी म्हटलं, "आजी, मोठं लिही गं. भरपूर जागा आहे. संपली तर दुसरं पान येतं."

"असू दे गो," ती म्हणाली. "कार्डावर सगळं मावायला हवं असायचं. बायकांचं सांगणं संपायचं नाही."

भाऊ मागे उभा राहून पेन कधी मिळतंय त्याची वाट बघत होता. त्याला काचेवर क्रिकेटची फील्डिंग काढायची होती. पाच मिनिटं झाली, दहा झाली. शेवटी त्याने हात पुढे केला, तर आजीने पेन बाजूला घेतलं.

"थांब रे. तारीख राहिली."